आधी मास्क आमच्या तोंडावर होता

चार बंदांचा कापडी मास्क हल्ली कुठल्या लेबर रूममध्ये दिसत नाही. हिरव्या जाडसर सुती कापडाचा, दुपदरी, मधे चुण्या घातलेला. आमच्याकडे लिनन रूममध्ये बसणारा शिंपी तो शिवायचा. फाटक्या हिरव्या चादरींचेही मास्क व्हायचे, त्यामुळे एखाद्याचा रंग पार उडालेला, तर एखादा नवाकोरा. वापरून झाला की बादलीत, मग लाँड्रीत, मग घड्या घालून स्टीलच्या गोल ड्रममध्ये आणि तो ड्रम ऑटोक्लेव्हला. सकाळच्या पाळीला ड्रम उघडला की वाफेत शिजलेल्या कापडाचा कोंदट, उबदार वास यायचा. चिटल फोर्सेपने एकेक मास्क उचलायचा, वरचे बंद डोक्यामागे बांधायचे, खालचे मानेवर. १९८४ साली मी नर्सिंगला लागले आणि पुढची बहुतेक नोकरी मुंबई महापालिकेच्या प्रसूतिगृहांमध्ये झाली. लेबर रूमचा वास म्हटला की अजूनही मला फिनेलच्या आधी तो ड्रम आठवतो.

तो मास्क आमच्या तोंडावर असायचा, बाळंत होणाऱ्या बाईच्या नाही. हे इतकं उघड होतं की कुणी कधी बोलूनही दाखवलं नाही. आम्हाला मिडवायफरी शिकवणाऱ्या ट्यूटर सिस्टर मात्र कारण सांगितल्याशिवाय नियम शिकवायच्या नाहीत. व्हिएन्नाच्या सेमेलवाइसची गोष्ट त्या पहिल्याच तासाला सांगत. १८४७ साली त्याने डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतरोगाने मरणाऱ्या बायकांची संख्या झपाट्याने खाली आली. हातांचं झालं, मग तोंडाचं. १८९७मध्ये ब्रेस्लाउ शहरात मिकुलिच नावाच्या सर्जनने ऑपरेशन करताना तोंडावर गॉझ बांधायला सुरुवात केली, कारण त्याच शहरातल्या फ्ल्यूगे यांनी बोलताना उडणाऱ्या बारीक थेंबांतून जंतू पसरतात हे दाखवून दिलं होतं. बाळंतपणाशी याचा धागा पक्का जोडला तो लंडनमध्ये. डोरा कोलब्रुक यांनी बाळंतरोग झालेल्या स्त्रियांच्या अंगातले स्ट्रेप्टोकोकस जंतू आणि त्यांच्या आसपास वावरलेल्या माणसांच्या घशातले, नाकातले जंतू ताडून पाहिले. त्यांचा अहवाल १९३५चा. पुष्कळदा दोन्ही जंतू एकाच जातीचे निघाले. म्हणजे बाईला नेणारा ताप डॉक्टरच्या, सुईणीच्या नाहीतर नर्सच्या घशातून आलेला असू शकत होता.

ट्यूटर सिस्टर हे सांगून आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे पाहायच्या आणि म्हणायच्या, "तुमचा घसा दुखतोय ना, मग लेबर रूमच्या दाराशीसुद्धा फिरकायचं नाही. तिला काही झालेलं नाही. धोका तुमच्यापासून आहे." बाई बाळंत होते तेव्हा आतून उघडी जखम असते, वार सुटून आलेली जागा कच्ची असते. तिच्यावर आमच्या श्वासाचा शिंतोडा नको म्हणून मास्क. पुढची कित्येक वर्षं मास्कचे बंद बांधताना ते वाक्य माझ्या मनात असायचं.

आमच्या साताऱ्याकडच्या गावात तोवर बाळंतपणं घरीच व्हायची. अंधाऱ्या माजघरात बाजेवर बाई, तिच्या गुडघ्यांशी सुईण, पाठीशी आई किंवा मावशी, कोपऱ्यात शेगडी. कुणाच्या तोंडाला काही नाही. माणसांची ऊब त्या खोलीत होती, हे मी कधी नाकारणार नाही. पण माझ्या आजीची धाकटी जाऊ त्याच खोलीत सुवारोगाने, म्हणजे बाळंतरोगानेच, गेली. बाळ तीन दिवसांचं होतं. आजी तिच्याबद्दल बोलताना फक्त एवढंच म्हणायची, "ताप चढला आणि उतरलाच नाही." त्यामुळे घरच्या बाळंतपणाचे गोडवे गाणारं कुणी भेटलं की मी गप्प बसत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ साली महाराष्ट्रातली ६४.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९च्या पाहणीत हा आकडा ९४.७ टक्क्यांवर गेला. या वाढीमागे आशाताई आहेत, जननी सुरक्षा योजना आहे, १०८ची गाडी आहे, आणि ती वाढ मी टेबलाशी उभी राहून पाहिली आहे.

पण दवाखान्यात आलेल्या बाईचा चेहरा तेव्हा उघडा होता, आणि आमचं निम्मं काम त्या चेहऱ्यावर चालायचं.

यंत्रं मोजकीच होती. बीपी पाहायचा पारा, बाळाचे ठोके ऐकायला फीटोस्कोप, भिंतीवरचं घड्याळ, आणि पोटावर ठेवायला आपला हात. कळा किती अंतराने येतात, किती वेळ टिकतात, हे हाताला कळायचं. त्या बाईला कळ कुठवर घेऊन गेली आहे, हे मात्र तोंडावर दिसायचं. नव्याने आलेल्या मुलीला सीनियर सिस्टर सांगायच्या की वरच्या ओठावर बघ. गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडायच्या सुमाराला बऱ्याच बायकांच्या वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब येतात. कपाळावरचा घाम वेगळा, तो तर मे महिन्यात सगळ्यांनाच असतो. ओठावर थेंब आले, बाई कुरकुर करायची थांबली, नजर आत वळल्यासारखी झाली, की समजायचं आता वेळ जवळ आली. त्याच टप्प्यावर पुष्कळ जणींना उलटी होते. ओठ आधी कोरडे पडतात, मग ती गिळल्यासारखं करते, आणि आपण किडनी ट्रे तोंडाशी नेतो. हे सगळं काही सेकंदांत.

आणि झटके. गरोदरपणात बीपी वाढलेल्या बाईला झटका यायच्या आधी पुष्कळदा तोंडाचा कोपरा फडफडायला लागतो. अगदी बारीक, लक्ष नसेल तर दिसणारही नाही. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका मावशींनी, म्हणजे आमच्या आयाबाईंनी, ते ओळखलं होतं. मावशी त्या बाईला पाणी पाजायला गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "सिस्टर, हिचं तोंड वाकडं होतंय!" डॉक्टर धावत आले, तिला कुशीवर वळवलं, दातांमध्ये जीभ येऊ दिली नाही, औषध सुरू झालं. मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या. पण कित्येक बाळंतिणींची तोंडं त्यांनी जवळून पाहिली होती.

बाळंतपण झाल्यावरही तेच. रक्त किती गेलं याचा अंदाज पॅडवरून, ट्रेवरून घेतात. पण ओठ पांढरे पडायला लागले की पॅड मोजत बसायचं नसतं. ऑक्सिटोसिन, पिशवीवर मसाज, आयव्ही लाइन, पाय वर, हाक मारून डॉक्टर. आपल्याकडे पुष्कळ बायकांचं हिमोग्लोबिन आधीच आठ-नऊ असतं, त्यामुळे जिच्या ओठांवर जरा लाली होती ती पांढरी पडली, तर फार वेळ नसतो.

मग बाळ दाखवायची पद्धत. पुढे वाद नकोत म्हणून आमच्याकडे सगळीकडे बाळ आईसमोर धरून विचारतात, "काय झालं? तूच सांग." ती म्हणते "मुलगा" किंवा "मुलगी", तेवढं नोंदवायचं. त्या एका शब्दाबरोबर तिचा चेहरा काय करतो, ते आम्ही नोंदवत नव्हतो, पण बघत होतो. तिसरी मुलगी झालेल्या बाईने "मुलगी" म्हटलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले, तर तिला वॉर्डात एकटं ठेवायचं नाही, हे आम्ही आपापसांत ठरवून टाकायचो. कुणीतरी सासूशी बोलायचं, कुणीतरी नवऱ्याला बाजूला घ्यायचं. तिची केस शीट कोरी असली तरी आमच्या मनात तिची नोंद झालेली असायची.

तेव्हाचं सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही, म्हणू शकत नाही. कळा देणाऱ्या बाईला आमच्यातलेच काही जण ओरडायचे, मांडीवर चापट मारायचे, "आता का रडतेस" असं म्हणायचे. घरातलं माणूस आत येऊ द्यायचं नाही हा कडक नियम होता. बाई आठ-आठ तास अनोळखी माणसांत असायची, आई दाराबाहेरच्या बाकावर. तिचा चेहरा उघडा होता, पण त्या चेहऱ्याकडे प्रेमाने बघणारं आत कुणी नव्हतं, अशा पाळ्याही मी पाहिल्या आहेत.

मास्कचा अर्थ बदलायला सुरुवात झाली ती नव्वदच्या दशकात. एचआयव्हीच्या भीतीने दवाखान्यांमध्ये नवे नियम आले. प्रत्येक रुग्णाचं रक्त जोखमीचं आहे असं धरूनच काम करायचं. डबल हातमोजे, प्लास्टिकचा ॲप्रन, गमबूट, चश्मा आणि मास्क. पाण्याची पिशवी फुटते तेव्हा शिंतोडे किती लांब उडतात हे लेबर रूममध्ये काम केलेल्यालाच माहीत. तेव्हापासून मास्क तिच्यासाठी होता तसा आमच्यासाठीही झाला. हे योग्यच होतं. हातातली सुई टोचलेली नर्स पुढचे तीन महिने कशी काढते, ते मी बघितलं आहे.

मग २००९चा स्वाइन फ्लू. देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, ऑगस्ट महिन्यात, एका शाळकरी मुलीचा. त्या आठवड्यात पुण्यातल्या औषधांच्या दुकानांतले मास्क संपले. तो फ्लू गरोदर बायकांना जास्त बाधत होता. ताप, खोकला असलेली बाई बाळंतपणाला आली की तिला वेगळ्या खोलीत ठेवायचं आणि मास्क द्यायचा, हे आम्ही तेव्हा पहिल्यांदा केलं. पण तो मास्क आजारी बाईला होता, आणि कळा वाढल्या की ती तो खाली करायची, कुणी तिला काही म्हणायचं नाही. ती खोली थोड्या महिन्यांत पुन्हा साधी खोली झाली.

८ एप्रिल २०२० रोजी मुंबई महापालिकेने सार्वजनिक ठिकाणी मास्क सक्तीचा केला. रस्त्यावरचा नियम दवाखान्याच्या दारातून आत आला आणि लेबर टेबलापर्यंत पोचला. आता ताप असो, नसो, रिपोर्ट आलेला असो वा नसो, टेबलावर चढलेल्या प्रत्येक बाईच्या तोंडावर मास्क. आम्ही पीपीई किटमध्ये, गॉगलच्या आत वाफ धरलेली, पाठीवर स्केचपेनने लिहिलेलं नाव. त्या बाईला आमचं काही दिसत नव्हतं आणि आम्हाला तिचं फक्त कपाळ आणि डोळे.

भीती खोटी नव्हती. नायर रुग्णालय एप्रिल २०२०मध्ये कोविडसाठी राखून ठेवलं गेलं आणि साधारण वर्षभरात तिथे कोविड झालेल्या हजाराहून अधिक माता बाळंत झाल्या. तिथल्या डॉक्टरांनी, सिस्टरांनी, मावशींनी काय सोसलं हे मी ऐकून आहे आणि त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने राज्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून प्रेगकोविड नावाची नोंदणी सुरू केली, तिच्यात पहिल्या लाटेतल्याच ४२०३ गरोदर स्त्रियांची माहिती जमा झाली. दुसऱ्या लाटेत आजार जास्त तीव्र होता आणि माता अधिक दगावल्या, हेही अशा नोंदींतूनच पुढे आलं. आमच्याकडे एन-९५ मोजून मिळत होते. दोन टेबलांच्या मधे एक पडदा. खिडक्या अर्ध्या उघडायच्या. अशा खोलीत कळा देणारी बाई किंचाळते, धापा टाकते, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाईचाही विचार करावा लागतो.

तरीही त्या टेबलावर जे झालं ते सांगितलं पाहिजे.

गोवंडीहून आलेली एक बाई, दुसरं बाळंतपण. रात्री तिसऱ्या प्रहरी कळा जोरात आल्या. घामाने मास्क भिजून तोंडाला चिकटला होता. श्वास आत घेतला की कापड ओठांवर ओढलं जायचं. ती तो खाली करायची आणि पलीकडून आवाज यायचा, "मास्क वर घे!" ती वर घ्यायची. पुढच्या कळेला पुन्हा खाली. "ताई, मास्क!" शेवटी ती म्हणाली, "सिस्टर, जीव गुदमरतोय हो." तिच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९८ आकडा होता. साध्या सर्जिकल मास्कने रक्तातला ऑक्सिजन उतरत नाही, हे मलाही मान्य आहे, मी ते रोज पाहत होते. पण बाई बोलत होती ते आकड्याबद्दल नव्हतं. बाळंतपणात वेदनाशामक मिळालं नसेल, आणि आमच्याकडे एपिड्युरल कुठलं मिळायला, तर कळांच्या पहिल्या टप्प्यात बाई गरोदर नसतानाच्या मानाने दर मिनिटाला ७० ते १४० टक्के जास्त हवा आतबाहेर करते. जोर द्यायच्या टप्प्यात १२० ते २०० टक्के जास्त. एवढी हवा ओल्या कापडातून ओढायची. वर तिला आम्हीच सांगणार, लांब श्वास घे, तोंडाने सोड.

ती ओकली तेही मास्कमध्येच. मला ओठ दिसले असते तर ट्रे वेळेवर नेता आला असता.

त्याच सुमाराला माझी भाची इंग्लंडमध्ये स्लाउला बाळंत झाली. तिच्याकडेही काही सोपं नव्हतं. नवऱ्याला कळा जोरात सुरू होईपर्यंत आत घेतलं नाही, आईला तर विमानच नव्हतं. पण तिने फोनवर एक गोष्ट सांगितली आणि मी उठून बसले. टेबलावर तिला मास्क नव्हता. मिडवाइफने मास्क, शील्ड सगळं घातलं होतं, आणि तिला सांगितलं होतं की तू मोकळा श्वास घे. इंग्लंडच्या प्रसूतितज्ज्ञांच्या आणि मिडवाइफांच्या रॉयल कॉलेजांनी कळा देताना आणि बाळंत होताना स्त्रीला मास्क घालायला सांगू नये, असं मार्गदर्शनच केलं होतं. अमेरिकेत तसं नव्हतं, तिथे बाईने मास्क घालावा असं सुचवत होते. पण तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनेही एक गोष्ट लिहिली होती: जोर देताना बाई इतक्या वेगाने श्वास सोडते की तिच्या मास्कचा उपयोग तेव्हा बराच कमी होतो, म्हणून आजूबाजूच्यांनी एन-९५ घालावे. फ्रान्समध्ये बायकांनी आवाज उठवला आणि नोव्हेंबर २०२०मध्ये सरकारला सांगावं लागलं की बाळंत होणाऱ्या स्त्रीवर मास्कची सक्ती करता येणार नाही.

म्हणजे विज्ञान कुठेच असं म्हणत नव्हतं की टेबलावरच्या बाईच्या तोंडावरचं कापड हाच बचाव आहे. बचाव आमच्या तोंडावरच्या चांगल्या मास्कमध्ये होता, उघड्या खिडकीत होता, दोन टेबलांमधल्या अंतरात होता. या तिन्ही गोष्टींना पैसा लागतो, जागा लागते. कापड स्वस्त होतं आणि घालणारी बाई वाद घालायच्या अवस्थेत नव्हती. मला अजून राग येतो तो याचा. हाताखालच्या मुलींचा नाही, त्या घाबरलेल्या होत्या आणि त्यांच्या घरी म्हातारी माणसं होती.

लसीचं तर मी विसरूच शकत नाही. १६ जानेवारी २०२१ला लसीकरण सुरू झालं, पहिली लस आम्हा आरोग्य कर्मचाऱ्यांना. गरोदर स्त्रियांना लस घ्यायची परवानगी मिळाली ती २ जुलै २०२१ला. मधले साडेपाच महिने, आणि त्यांतच दुसरी लाट. त्या काळात आमच्या अंगात लस होती, तिच्या नाही. दिवसभरात पंचवीस माणसांमध्ये वावरून तिच्यापाशी येत होतो आम्ही. ट्यूटर सिस्टरांचं वाक्य त्या महिन्यांमध्ये जसंच्या तसं खरं होतं, धोका तिला आमच्यापासून होता. ओरडून मास्क वर घ्यायला मात्र तिला सांगितलं जात होतं.

बाळ दाखवायची पद्धत तेव्हाही चालू राहिली. "काय झालं? सांग." मास्कमधून "मुलगी" असा शब्द यायचा आणि मागे काय आहे ते कळायचं नाही. डोळे तर सगळ्यांचेच भरलेले असतात त्या वेळी. मी माझ्या पाळीला एक करायचे. बाळ समोर धरताना सगळ्यांना दोन पावलं मागे घ्यायचे, मी स्वतः हात लांब करून उभी राहायचे, आणि बाईला म्हणायचे, "खाली कर तो. बघ तिच्याकडे नीट." कुणी हसायचं. कुणी बाळाच्या केसांना ओठ लावायचं, ओले, पांढुरक्या मेणाने माखलेले केस. एकीने काहीच केलं नाही, नुसतं तोंड उघडं ठेवून श्वास घेतला, पाच-सहा वेळा, खोल. मग मास्क वर घेतला आणि दूध पाजायला मागितलं. मास्क घालून, हात धुऊन आईने पाजावं, बाळाला आईपासून तोडू नये, हे जागतिक आरोग्य संघटनेने सुरुवातीपासून सांगितलं होतं. आमच्याकडे ते पाळलं गेलं याचं मला समाधान आहे. सगळीकडे तसं झालं नाही. काही ठिकाणी बाळं आईपासून दिवसेंदिवस लांब ठेवली गेली.

२ एप्रिल २०२२ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, राज्यातले निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला. रस्त्यावर लोकांनी तो एका दिवसात काढला. लेबर रूममधून जायला वेळ लागला. बायका आपणच घालून यायच्या, आम्ही सांगायचो काढ, तरी मानेला अडकवून ठेवायच्या, न जाणो कुणी ओरडलं तर. मग हळूहळू तोही गेला. आम्ही मात्र मास्क घालतच राहिलो, आणि तो आता चांगल्या दर्जाचा मिळू लागला. हात धुण्याच्या बेसिनपाशी लांब दांड्याचा नळ बसला. खिडक्या पूर्ण उघडतात. हे सगळं टिकावं अशी माझी फार इच्छा आहे, कारण ते कोविडने दिलेलं असलं तरी कामाचं कोविडच्या आधीही होतं.

आणखी एक बदल झाला, त्याची सुरुवात महामारीच्या आधीची. केंद्राने २०१६मध्ये सरकारी दवाखान्यांमध्ये प्रसूतीच्या वेळी सोबतीला एक बाई ठेवायला मान्यता दिली आणि २०१७मध्ये लक्ष्य नावाचा कार्यक्रम आला, लेबर रूम सुधारायचा आणि बाळंतिणीला आदराने वागवायचा. दोन वर्षं महामारीमुळे आणि गर्दीच्या भीतीने सोबतीची बाई बाहेर गेली होती, ती परत आली. आता पडद्याच्या आत आई असते, नाहीतर सासू, वहिनी, क्वचित चाळीतली शेजारीण. ती हात धरते, कपाळ पुसते, ओठांना पाणी लावते. बाकावर बसलेल्या आया मी इतकी वर्षं पाहिल्या की अजूनही कुणी आई आत आलेली दिसली की मला बरं वाटतं. चापट मारणाऱ्या हातालाही तिच्यासमोर जरा विचार करावा लागतो.

राहिल्या त्या शिकणाऱ्या मुली. ज्या मुली २०२०च्या आसपास नर्सिंगला लागल्या, त्यांचं पहिलं वर्ष मोबाइलवर गेलं. वॉर्डात आल्या तेव्हा टेबलावरची प्रत्येक बाई मास्कमध्ये. त्या हुशार होत्या, मॉनिटर आमच्यापेक्षा भराभर वाचायच्या, पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूतीच्या प्रगतीचा तक्ता, रेखीव भरायच्या. पण बाईजवळ उभ्या राहिल्या की नजर स्क्रीनकडे, नाहीतर खाली. तोंडाकडे बघायची सवयच लागली नव्हती, लागणार कशी? निवृत्त व्हायच्या आधीच्या वर्षी मी त्यांना जेवढं दाखवता आलं तेवढं दाखवलं. टेबलाच्या डोक्याशी उभं राहा. आधी तिच्या तोंडाकडे बघ, मग मॉनिटरकडे. ओठ कोरडे आहेत का, जिभेचा रंग कसा आहे, जबडा आवळलाय का. जबडा आवळलेली बाई खालूनही आवळून धरते, म्हणून तिला तोंड सैल सोडायला सांग, ओठांतून फुर्र करायला सांग. आणि वरच्या ओठावर लक्ष ठेव.

त्यातली एक मुलगी विदर्भातली होती, अबोल. एका दुपारी वॉर्डात पहिलटकरीण होती, तासाभरापूर्वी तपासलं तेव्हा सहा सेंटिमीटर, म्हणून सगळे निवांत. ही मुलगी तिच्याजवळ बीपी घ्यायला गेली आणि बीपी न घेताच माझ्याकडे आली. म्हणाली, "सिस्टर, तिच्या ओठावर घाम आलाय. आणि ती बोलायची थांबली." डॉक्टर म्हणाले, पहिलटकरीण आहे, इतक्यात कसं होईल. तरी हातमोजे घातले आणि तपासलं. पूर्ण उघडलं होतं, डोकं खाली आलं होतं. ट्रॉली आणेपर्यंतसुद्धा वेळ नव्हता, दोघी-तिघींनी धरून तिला टेबलावर घेतलं, आईला आत बोलावलं. दोन कळांत बाळ बाहेर आलं, मुलगी, दोन किलो नऊशे, लगेच रडली. बाईला एकच टाका लागला.